कुळथाचं सार: चुलीवरचं जुनं सूप

जोताचे दिवस आले की कोकणातल्या शेतकरी घरांत बैलांसाठी कुळीथ शिजायला लागायचे. मोठं भांडं, भरपूर पाणी आणि चुलीत सावकाश जळणारं लाकूड. दाणे बोटांत चुरडण्याइतके मऊ झाले की ते बैलांच्या आंबोणात जात. भांड्यात उरलेलं तांबूस, दाटसर पाणी मात्र घरात यायचं. त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, चार आमसुलं आणि जमलं तर नारळाचा रस पडायचा, की रात्रीच्या भाताची सोय झाली. दाणा जनावराला आणि पाणी माणसाला, ही वाटणी कर्नाटकात आणि तमिळ मुलखातही जुनी आहे. आज ऐकताना ती गरिबीतली तडजोड वाटेल. पण ज्यांनी कुळीथ शिजवले आहेत त्यांना ठाऊक असतं, की दाण्याची बरीचशी चव त्या पाण्यातच उतरलेली असते.

या पाण्याला कोकणात कळण म्हणतात. त्याला वाटण, आंबट आणि फोडणी मिळाली की त्याचं सार होतं. कडधान्य आणि हिरवा पाला यांचं साधं सूप घरी करायचं असेल, तर मराठी स्वयंपाकघराला त्यासाठी दूर जायची गरज नाही. सामान मोजकं, खर्च किरकोळ. तरीही अनेक घरांत ते नीट जमत नाही. कुठे दाणे कडकच राहतात, कुठे सार पाणचट होतं, कुठे कोथिंबीर उकळून उकळून काळवंडते. या प्रत्येक बिघाडाला कारण आहे, आणि कारण कळलं की उपाय फार सोपा असतो.

कुळीथ हे कडधान्य इथल्याच मातीतलं. आजच्या भाजीबाजारात त्याच्या शेजारी दिसणारा राजमा अमेरिका खंडातून आला. कोलंबसाच्या सफरींनंतरच तो उरलेल्या जगाला माहीत झाला. कुळीथ मात्र दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात हजारो वर्षांपासून पिकतो आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातल्या शेतकरी वस्तीचं सगळं जगणं उजेडात आणलं: घरं, चुली, धान्याच्या कणग्या, साठवणीचे खड्डे. तिथे जळून कोळसा झालेले जे धान्याचे दाणे सापडले, त्यांत कुळीथही होता. म्हणजे घोडनदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी हे दाणे मातीच्या भांड्यात शिजवत होतं.

इतका काळ हे पीक टिकलं ते त्याच्या काटकपणामुळे. हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते, पाणी फार लागत नाही. कोकणात भाताची कापणी झाली की शेतात जो ओलावा उरतो त्यावर कुळीथ पेरतात, आणि पुढे पावसाचा थेंब न पडताही तो तयार होतो. देशावर तो खरिपात येतो, बरेचदा बाजरीच्या सोबतीने. तिथे त्याला हुलगा म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'दापोली कुळीथ-१' हा वाणही दिला आहे. तरी शहरी वाणसामानाच्या यादीत कुळीथ क्वचित दिसतो. घोड्यांचा आणि बैलांचा खुराक हा शिक्का त्याला चिकटला आणि तूर-मुगाच्या मानाने तो मागे पडला. हे नुकसान कुळथाचं कमी आणि खाणाऱ्यांचं जास्त आहे.

देशभर त्याचं सूप मात्र ठिकठिकाणी जिवंत आहे. आंध्रच्या किनारपट्टीवर उलवचारू होतं: कुळथाचं पाणी चिंचेच्या कोळासह तासन्‌तास आटवून मधासारखं दाट केलेलं, वर ताज्या सायीचा गोळा. लग्नाच्या पंगतीत त्याला मान असतो. कर्नाटकात हुरळीचं सारु, तमिळनाडूत कोळ्ळु रसम. उत्तराखंडात त्याला गहत म्हणतात. तिथे भिजवलेला गहत वाटून त्याचं फाणू करतात आणि पहाडी थंडीत भातासोबत खातात. महाराष्ट्रात जुन्नर-नगरकडे हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या रटरटत्या फोडणीच्या पाण्यात शिजतात, आणि शेंगोळ्यांइतकंच त्या दाटलेल्या पाण्यासाठी माणसं ताटात भाकरी कुस्करतात. कोल्हापूर-सांगलीकडे गूळ घातलेलं माडगं असतं, पावसाळी गारठ्यात प्यायचं.

आता प्रत्यक्ष सार. चार माणसांना एक वाटी कुळीथ पुरे होतात, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम.

पहिलं काम निवडण्याचं, आणि ते टाळून चालत नाही. कुळथात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे असतात. ताटात पसरून एकदा डोळ्यांखालून घालावेत आणि मग रोळून घ्यावेत: भांड्यात भरपूर पाणी घेऊन दाणे हलवत हलवत वरच्यावर दुसऱ्या भांड्यात ओतायचे, जड खडे तळाशी राहतात. जुन्या बायका हे काम इतक्या सराईतपणे करायच्या की बघणाऱ्याला ते पाणी ओतणंच वाटायचं. खड्याचा एक तुकडा दाताखाली आला तर सगळ्या जेवणाची चव जाते, म्हणून या पाच मिनिटांना घाई करू नये.

मग भिजवणं. कुळथाचं साल कडक आणि दाट असतं. रात्रभर, आठ ते दहा तास, भरपूर पाण्यात ठेवले की दाणे फुगतात आणि वजनाला जवळजवळ दुप्पट होतात. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालावं की नाही, यावर घरोघरी एकच उत्तर मिळतं: मिठाने कडधान्य कडक होतं. प्रत्यक्षात उलट घडतं. दाण्याच्या सालीत आणि पेशींच्या भिंतींत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यातल्या काही कॅल्शियमची जागा घेतं, बांधणी सैल होते आणि साल लवकर मऊ पडतं. लिटरभर पाण्याला सपाट मोठा चमचा मीठ पुरतं. सकाळी ते पाणी टाकून दाणे स्वच्छ धुतले की खारटपणा उरत नाही.

बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार पठारावरच्या गावोगावी ऐकू येते. तिचं कारण हेच. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, ते पेक्टिनला आणखी आवळतं. मुंबईला तलावांचं मृदू पाणी मिळतं, तिथे तोच कुळीथ कमी वेळात शिजतो. जिथे पाणी जड आहे तिथे पिण्यासाठी गाळून घेतलेलं पाणी शिजवायला वापरावं, किंवा मिठाच्या पाण्यात भिजवण्याची युक्ती करावी. चिमूटभर सोडा घातला की दाणे झटकन मऊ होतात हे खरं; पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि हात जरा सैल पडला की साराला साबणासारखी चव येते. सोडा टाळलेला बरा.

वेळ लागण्याचं आणखी एक कारण म्हणजे दाण्याचं वय. दोन-तीन वर्षं गरम, दमट जागी पडून राहिलेलं कडधान्य कितीही शिजवलं तरी मधोमध टणक राहतं. त्यावर घरात उपाय नाही. म्हणून कुळीथ घेताना यंदाचा आहे का, हे विचारावं. कोकणातून येणारा नवा कुळीथ उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारात दिसू लागतो.

शिजवण्यासाठी एका वाटीला सहा ते सात वाट्या ताजं पाणी घ्यावं. उघड्या भांड्यात दीड ते दोन तास लागतात. कुकरमध्ये काम सोपं, कारण आतला दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे तर कुकरला पर्याय नाही. सहा-सात शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पंधरा मिनिटं, एवढ्यात भिजलेले कुळीथ शिजतात. वाफ आपोआप जाऊ द्यावी. एक दाणा अंगठा आणि बोटात दाबून पाहावा. तो नुसता फुटला तर अजून वेळ आहे, लोण्यासारखा पसरला तर झालं.

या टप्प्यावर आमसूल, चिंच, टोमॅटो यांपैकी काहीही आत गेलेलं नसावं. आंबटाने पेक्टिन विरघळायचं थांबतं आणि दाणे होते त्या अवस्थेत अडकून बसतात. अनेक घरांत सगळं सामान एकदमच कुकरमध्ये टाकलं जातं आणि मग दोष कुळथाला दिला जातो. आधी दाणा मऊ करायचा, मग आंबट घालायचं. साराच्या सगळ्या कृतीतला हा सर्वांत महत्त्वाचा क्रम आहे.

शिजलेलं पाणी गाळून बाजूला घ्यावं. तेच कळण. दाण्यांतले दोन-तीन डाव कुळीथ थोड्या पाण्यासह बारीक वाटून परत कळणात मिसळले की साराला अंग येतं. मैदा, कॉर्नफ्लोअर वगैरेंची गरज पडत नाही. उरलेल्या दाण्यांची उसळ करावी, ती एक वेगळी भाजीच मिळते.

वाटणासाठी अर्धी वाटी ओलं खोबरं, अर्धा चमचा जिरं, एक-दोन हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीचे देठ घ्यावेत. देठ फेकून देण्याची सवय फार घरांत आहे. त्यांत पानांपेक्षा रस जास्त असतो आणि ते शिजवणं सहज सोसतात, म्हणून ते वाटणात आणि पानं शेवटी. हे वाटण कळणात घालून मीठ, सुपारीएवढा गूळ आणि चार-पाच आमसुलं टाकून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवावं. खोबरं पडल्यानंतर खळखळून उकळू देऊ नये. आंबट आणि जोराची आच एकत्र आली की नारळाचा रस फुटतो, सार फाटल्यासारखं दिसतं. चव तशी फार बिघडत नाही, पण त्याचा गुळगुळीतपणा जातो.

फोडणी शेवटी. चमचाभर तुपात, किंवा दक्षिण कोकणात आणि गोव्यात रूढ असलेल्या खोबरेल तेलात, मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण. लसूण ठेचून पाच मिनिटं तसाच ठेवला तर त्याचा वास जास्त खुलतो. पाकळी अखंड असते तोवर तिच्यात तो उग्र वास नसतोच. पेशी फुटल्या की त्यांतला एक विकर कामाला लागतो आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. ठेचून लगेच कढत तेलात टाकलं तर त्या विकराला वेळच मिळत नाही. लसूण कडांनी बदामी झाला की फोडणी सारावर ओतावी आणि लगेच झाकण ठेवावं.

आणि हिरवा पाला. साराची निम्मी मजा त्यात आहे, आणि नेमकं त्याच बाबतीत सगळ्यांत जास्त निष्काळजीपणा होतो. कोथिंबिरीचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती उष्णतेने भराभर उडून जातात. म्हणून चिरलेली पानं गॅस बंद केल्यावर, वाढण्याच्या आधी दोन मिनिटं घालावीत. कढीपत्त्याचं वेगळं. त्याच्या सुगंधाची तेलं पाण्यात विरघळत नाहीत, तुपा-तेलात विरघळतात. म्हणून तो फोडणीतच हवा, आणि शक्य तर पान हातांनी अर्धं तोडून. थंडीत मिळणारी लसणीची पात दोन्हींच्या मधली आहे: अर्धी फोडणीत परतावी, अर्धी वरून कच्ची पेरावी. शेपू आवडणाऱ्यांनी त्याची दोन काड्यांएवढीच पानं शेवटच्या पाच मिनिटांत घालून पाहावीत. शेपू जरा जास्त झाला तर कुळथाचा मातकट सुवास पार झाकून टाकतो.

शहरातल्या घरांच्या गॅलरीत कुंडीत एक जाडसर, लव असलेल्या पानांचं झाड हमखास असतं. सगळे त्याला ओवा म्हणतात. मसाल्याच्या डब्यातला ओवा देणारी वनस्पती वेगळी, पण दोघांचा वास जुळतो, कारण दोघांतही थायमॉल आणि त्याचं भावंड असलेलं कार्व्हाक्रॉल या जातीची द्रव्यं आहेत. युरोपात कडधान्याच्या सुपात थाइम हमखास घालतात, जर्मनीत सॅव्हरी नावाचा पाला शेंगा आणि घेवड्यासोबत जातो; त्या पाल्यांचा सुगंधही याच द्रव्यांचा. हजारो मैलांवरच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या स्वयंपाकघरांनी कडधान्यासोबत एकाच प्रकारचा तिखट-उष्ण वास निवडावा, ही विलक्षण गोष्ट आहे. त्यामुळे गॅलरीतल्या ओव्याची दोन पानं चुरडून साराच्या फोडणीत टाकायला हरकत नाही, उलट ती अगदी जागेवर पडतात. दोनपेक्षा जास्त नकोत. इटलीत टस्कनीचे लोक पांढऱ्या घेवड्यासोबत सेज वापरतात, मेक्सिकोत काळ्या घेवड्यात एपासोते नावाचा पाला पडतो, आणि कॉकेशसमधल्या जॉर्जियात लोबियो नावाच्या घेवड्याच्या रश्शात ओंजळभर कोथिंबीर असते. कडधान्य आणि कोथिंबीर ही जोडी केवळ आपली नाही.

ज्यांच्याकडे दोन तास नाहीत त्यांच्यासाठी कोकणाने फार पूर्वीच तोड काढली आहे. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून केलेलं पीठ म्हणजे पिठी. चाकरमान्यांच्या गावाहून परतीच्या पिशवीत फणस-आंब्यांबरोबर पिठीचा डबा असायचा आणि अजूनही असतो. लसणाची फोडणी, त्यावर पाणी, मिरची, मीठ, आमसूल; पाण्याला आधण आलं की एका हाताने पीठ भुरभुरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, किंवा गाठींची भीती असेल तर पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं. दहा मिनिटांत पिठी तयार. गरम भात, वर पिठी, बाजूला भाजलेला सुका बांगडा किंवा पोह्याचा पापड, हे जेवण कोकणातला माणूस परदेशात गेला तरी विसरत नाही. दुबई-लंडनच्या सामानात पिठीचं पाकीट आजही जातं. पातळ केली तर तीच पिठी वाटीने प्यायचं सूप होते. बाजारातल्या सुपाच्या पाकिटात जे दाटपण स्टार्चने आणतात, ते इथे डाळीच्या पिठाने येतं, सोबत प्रथिनंही मिळतात.

पोषणाच्या बाजूने कुळथाची बाजू भक्कम आहे. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, स्निग्धांश एक ग्रॅमहूनही कमी, आणि कॅल्शियम अडीचशे मिलिग्रॅमच्या वर. लोहही भरपूर आहे. मात्र कडधान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. सालीतली टॅनिन आणि दाण्यातलं फायटिक आम्ल ते अडवून धरतं. भिजवल्याने आणि मोड आणल्याने फायटिक आम्ल कमी होतं, तर क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. वाढताना वरून लिंबू पिळण्याला आणि कच्ची कोथिंबीर घालण्याला म्हणूनच अर्थ आहे. जेवल्या जेवल्या चहा घेतला तर त्यातली टॅनिन हा फायदा बराचसा खाऊन टाकतात.

मुतखड्यावर कुळथाचं पाणी, हा उपाय महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेला असतो. आयुर्वेदात कुळथाला खडा फोडणारा म्हटलं आहे. चरकसंहितेत घाम आणण्याच्या उपचाराला मदत करणाऱ्या द्रव्यांच्या गटातही त्याचं नाव येतं, आणि सर्दी-पडशात गरम सार पिण्याच्या रिवाजाशी ते जुळतं. आजचे डॉक्टर खडे पुन्हा होऊ नयेत म्हणून दिवसभरात भरपूर पाणी प्यायला सांगतात, आणि वाटी-दोन वाट्या सार त्या पाण्यात भर घालतंच. पण खडा किती मोठा आहे आणि कुठे अडकला आहे हे सोनोग्राफीनेच कळतं. कळ येत असताना, ताप असताना किंवा लघवीतून रक्त जात असताना कुळथावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. मूत्रपिंडं आधीच दुबळी झालेल्यांनी तर कुठलंही कडधान्य किती खावं हे डॉक्टरांनाच विचारावं, कारण त्यांतल्या पोटॅशियम-फॉस्फरसचा हिशेब ठेवावा लागतो. आयुर्वेदही पित्ताचा, रक्तस्रावाचा त्रास असणाऱ्यांना कुळीथ जपून खायला सांगतो.

याच कुळथाने वैद्यकाला एक मोलाची गोष्ट दिली आहे, ती फारशी सांगितली जात नाही. भारतात काम करणारे डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की कुळथाच्या अर्कातलं एक प्रथिन माणसाच्या 'ए' गटाच्या रक्तपेशींना एकत्र चिकटवतं. पुढे त्याचा उपयोग 'ए' गटातले 'ए-१' आणि 'ए-२' हे पोटप्रकार ओळखायला होऊ लागला. रक्तपेढ्यांत आजही कुळथापासून काढलेलं हे द्रव्य वापरतात. कुळथाचं जुनं शास्त्रीय नाव डॉलिकोस बायफ्लोरस त्या बाटलीवर टिकून आहे, जरी वनस्पतिशास्त्राने ते बदलून मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम केलं असलं तरी.

अशी पेशी चिकटवणारी प्रथिनं, म्हणजे लेक्टिन, बहुतेक कडधान्यांत असतात आणि नीट शिजवल्यावर निकामी होतात. राजम्याच्या बाबतीत मात्र खास जपावं लागतं. हे सांगायला हवं, कारण सार जमलं की हात पुढे घेवड्याकडे वळतोच. साताऱ्यातल्या कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला, पट्टेदार आणि चवीला गोडसर, याच पद्धतीने सुंदर लागतो. तोही राजम्याच्याच कुळातला. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन इतकं असतं की चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात. भिजवलेलं पाणी टाकून द्यावं, आणि दाणे खळखळत्या पाण्यात निदान अर्धा तास उकळावेत. कुकरमध्ये हे काम आपोआप होतं. हल्ली अनेक घरांत आलेल्या मंद आचेच्या विजेच्या भांड्यांत राजमा थेट टाकू नये. ती भांडी उकळीपर्यंत पोचत नाहीत, आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहून जास्त त्रासदायक ठरतो.

सार वाढताना फार थाट लागत नाही. भातावर घ्यायचं तर जरा दाट, वाटीत प्यायचं तर पाणी वाढवून पातळ. तांदळाची भाकरी असेल तर उसळ आणि सार दोन्ही ताटात असावेत, एकाच कुळथाचे दोन पदार्थ. घाईच्या आठवड्यात रविवारी दोन वाट्या कुळीथ शिजवून कळण आणि दाणे वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवले तर तीन दिवस निघतात. कळण गार झालं की घट्ट होतं. तापवताना आधी गरम पाणी घालून सैल करावं, मग मंद आचेवर वाटण आणि आमसूल, आणि फोडणी त्या वेळची ताजी. लसणीची पात किंवा कोथिंबीर मिळाली नाही तर मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून घालावा, त्याचा हलका तिखटपणा कुळथाला शोभतो.